प्रतिरूपांचा तह

"पण मी सही केलीच कुठे?" सीमेवरच्या तह-कार्यालयात पॅलेस्टिनी फादवाने टेबलावर हात आपटला.

"बाई, तुमच्या प्रतिरूपाने केलीय," अमेरिकन अधिकारी म्हणाला. "फोनवरच्या बोलण्यावरून वॉशिंग्टनच्या यंत्राने दोन्हीकडच्या प्रत्येकाचं संगणकातलं प्रतिरूप बनवलं आणि त्या प्रतिरूपांनी आपापसात तह केला. तुमच्या प्रतिरूपाने टेकडीवरची ऑलिव्हची झाडं सोडून दिली."

"अरे, फोनवर आम्ही सगळ्यालाच हो म्हणतो! आमचं बोलणं चोरून ऐकतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"आणि माझ्या प्रतिरूपाने माझ्या लेकाच्या मारेकऱ्यांना माफ करून टाकलं!" रांगेत मागे उभी असलेली इस्रायली योनित मोडक्यातोडक्या अरबीत कडाडली. "मला विचारलं कुणी?"

फादवाने वळून पाहिलं. पलीकडचं माणूस बंदुकीशिवाय ती पहिल्यांदाच पाहत होती.

"तुम्हा लोकांना समोरासमोर बसवलं तर भांडण होईल, असं यंत्राने सांगितलं होतं," अधिकारी पुटपुटला.

"होऊ दे की! भांडण आमचंच आहे." फादवाने त्याच्या खुर्चीची पाठ धरून ती गदागदा हलवली. "ऊठ तू. इथे तिला बसू दे."