वाल्मिकचं बोट

वाल्मिकचं बोट वर गेलं. औट!

आणि औट कोण? साक्षात कल्पेशभाई. कारखान्याचे प्रॉडक्शन मॅनेजर. वाल्मिक ठेकेदाराकडून सुटून कंपनीत कायम होणार की नाही, ते यांच्या सहीवर अडलेलं. सकाळीच बायकोने, कावेरीने, त्याला बजावलं होतं, "आज ते बोट खिशात ठेवा बरं. आपल्याला पारोळ्याला परत नाही जायचं."

पण ते बोट वाल्मिकचं. सिल्वासात तेवढीच त्याची इस्टेट. दर रविवारी रांधा गावच्या मैदानावर कुठल्याही कंपनीचे सामने असोत, अम्पायर तोच हवा. भावकी बघत नाही, साहेब बघत नाही, असं लोक त्याच्याबद्दल सांगायचे.

आज फायनल होती. ऑफिसवाले विरुद्ध पॅकिंगवाले. ऑफिसवाल्यांना दोन चेंडूंत तीन धावा हव्या होत्या. कल्पेशभाईंच्या बॅटची कड लागली आणि मागे गोकुळने चेंडू जमिनीलगत उचलला. गोकुळ पॅकिंगचा विकेटकीपर. वाल्मिकच्याच चाळीत राहणारा.

"साफ?" वाल्मिकने विचारलं.

"एकदम साफ, भाऊ!"

म्हणून बोट वर गेलं. मांडवात शिट्ट्यांचा पाऊस पडला. माइकवर चेतन सर होते. मूळचे राजापूरचे, इथल्या शाळेत इंग्रजीचे मास्तर. कॉमेंट्री करताना एखादा इंग्रजी शब्द पब्लिकच्या गळी उतरवल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही.

"डिसायसिव! मंडळी, लिहून घ्या. विशेषण आहे. डिसायसिव म्हणजे एक घाव दोन तुकडे! ज्याचा हात वर जाताना थरथरत नाही आणि एकदा गेला की खाली येत नाही, तो माणूस डिसायसिव. वाक्यात उपयोग करा. वाल्मिक इज अ डिसायसिव अम्पायर!"

कावेरीने कपाळाला हात लावला. पण खरं सांगायचं तर तिला हसूही येत होतं. असला नवरा कुणाला मिळतो?

विकेट पडली की चेंडू अम्पायरच्या हातात द्यायचा, ही रीत. गोकुळने तो लांबूनच फेकला. वाल्मिकने झेलला आणि त्याचं लक्ष गेलं. चेंडूवर चुना होता. ताजा, पांढराफटक. या चेंडूआधी त्यानेच तो पँटला पुसून बोलरला दिला होता. बोलरने टाकला होता आखूड. म्हणजे चुन्याला तो लागला असेल तर बॅटला लागल्यानंतरच, स्टंपांपाशी आखलेल्या चुन्याच्या रेषेवर. टप्पा पडल्यावर गोकुळने उचलला होता.

त्याने गोकुळकडे पाहिलं. गोकुळ बुटाची लेस बांधायला बसला.

हे फक्त दोघांना माहीत होतं. वाल्मिकने अंगठ्याने चुना पुसला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. नोकरीवर तर त्याने बोट वर करतानाच पाणी सोडलं होतं. नाव तेवढं राहिलं असतं, आणि नाव आज आभाळाला टेकलं होतं.

"साहेब!" वाल्मिक ओरडला. "थांबा. नॉट औट. परत या."

अरे देवा! मग जो गोंधळ उडाला, तो काय सांगावा. "बिक गया!" "टरकला रे टरकला!" "नोकरीसाठी शेपूट घातली!" चपला हवेत उडाल्या. कावेरीच्या शेजारच्या बायका जरा सरकून बसल्या. चेतन सरांचा आवाज उतरला. "इनडिसायसिव," ते म्हणाले. "हा उलट अर्थाचा शब्द. उदाहरण समोरच आहे." एवढं बोलून त्यांनी माइक खाली ठेवला.

वाल्मिकने कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी गोकुळला चोपून काढलं असतं. कल्पेशभाई परत आले तेव्हा त्याने फक्त चेंडू पुढे केला. पण त्यांनी तो पाहिलाच नाही. त्याच्या खांद्यावर थोपटून ते हळूच म्हणाले, "समझदार माणूस आहेस. सोमवारी ये केबिनमध्ये. तुझं काम झालं समज."

वाल्मिकने चेंडू पुसला आणि बोलरच्या हातात दिला. त्याचे कान लाल झाले होते.

शेवटचा चेंडू. बोलर मनाने खचलेलाच होता, धावत आला आणि टाकला. कल्पेशभाईंनी बॅट फिरवली. मागे गोकुळने तो छातीपाशी झेलला. कड लागली होती, पण इतकी बारीक की मांडवाला कळलीसुद्धा नाही. गोकुळ तोंड उघडेना. अपील करायचं तरी कुणाकडे? बोलरने कमरेवर हात ठेवले आणि कुत्सितपणे वळून विचारलं, "काय अम्पायर? हाही नॉट औटच ना?"

बोट वर गेलेलं होतं.

आधी कुणाचा विश्वासच बसेना. कल्पेशभाई तरातरा चालत आले. चेतन सर माइक घेऊन मैदानात धावले, आणि बटण बंद करायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. त्यामुळे पुढचं सगळ्या रांध्याने ऐकलं.

"औटच द्यायचं होतं तर मघाशी परत कशाला बोलावलंस?" कल्पेशभाईंनी विचारलं.

"मघाशी तुम्ही औट नव्हता, साहेब."

कल्पेशभाई त्याच्याकडे बघत राहिले. मग बॅट काखेत मारून चालू लागले. सोमवारचं काय, ते त्यांनाच ठाऊक. वाल्मिकने विचारलंही नाही, तो स्टंप उपटायला वाकला होता. मांडवात कावेरी एकटीच उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मागून कुणीतरी ओरडलं, "चेतन सर, आता कुठला शब्द?"

सरांनी माइक तोंडाशी नेला.

"पहिलाच," ते म्हणाले. "अर्थ सांगताना मी चुकलो होतो."