अठ्ठावन्न मिनिटांचं घर

वेळापत्रक जमलं, तर हणमंतराव बिराजदारांना एकच गोष्ट मिळणार होती, पण तिची ते एकतीस वर्षं वाट बघत होते: बायकोशी चाललेल्या वादातला शेवटचा शब्द.

वाद झाडू-फरशीचा होता. गुरम्माला तीन खोल्या आवरायला सकाळचे तीन तास लागत. हणमंतराव लातुरातल्या कोचिंग क्लासची वेळापत्रकं आखून नुकतेच निवृत्त झालेले. दोन हजार पोरांचा दिवस त्यांनी मिनिटामिनिटानं कापून दिला होता. आंघोळ किती वेळ करायची हेसुद्धा. अशा माणसाच्या घरात साडेदहापर्यंत बादली फिरावी, हे त्यांना सहन होत नसे. त्यात शेजारच्या धम्मप्रिया मॅडमनी साठीत गाडी शिकायला घेतली आणि गुरम्मालाही सोबत चल म्हणाल्या.

"आधी घर तासात आवर, मग गाडी," हणमंतराव म्हणाले.

"तासात होतच न्हाई."

"होतं. पद्धत पाहिजे."

"मग द्या की आखून. झालं तासात, तर मी हरले."

रविवारी वेळापत्रक भिंतीवर लागलं. नियम पहिला, वरून खाली: आधी पंखे, मग कपाटं, शेवटी फरशी. मोरीला केमिस्ट्री असं नाव होतं. स्वयंपाकघर म्हणजे बायोलॉजी, कारण झुरळं तिथं. एकूण साठ मिनिटं, त्यात दोन पाणी प्यायला.

गुरम्मानं चष्मा लावून सगळं वाचलं. "न्हाई समजलं. एकदा फळ्यावर सोडवून दाखवा, सर."

बायकोनं 'सर' म्हटल्यावर कुठला मास्तर मागं सरेल? हणमंतरावांनी लुंगी खोचली. गुरम्मा त्यांच्या खुर्चीत त्यांचाच पेपर घेऊन बसली. फरशी पुसायची वेळ आली की तेवढे पाय वर घ्यायची.

पंखे झाले, कपाटं झाली. पलंगापाशी गणित अडलं. पलंगांखाली अकरा नग होते. पत्र्याच्या पेट्या, पितळी हंडे, एक जातं. भूकंपाच्या वर्षापासून गुरम्मा माळ्यावर चमचाही ठेवू देत नव्हती. माळा रिकामा आणि घरातलं सगळं वजन जमिनीवर. रोज अकरा नग ओढायचे, झाडायचं, पुसायचं, परत आत सारायचे. ही पायरी वेळापत्रकात नव्हतीच.

"हे जर माळ्यावर..." त्यांनी सुरुवात केली. मग बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाक्य गिळलं.

दोन तास पन्नास मिनिटं लागली.

"पोरगं हुशार हाय," पेपरामागून आवाज आला. "पण सिली मिस्टेका लई. एक वर्ष रिपीट करावं म्हणते मी."

हेच वाक्य हणमंतरावांनी बावीस वर्षं दर जूनला पोरांच्या बापांना ऐकवलं होतं. ते ऐकून कुणी बाप नाही म्हणाला नव्हता. तेही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोन तास वीस. पाचव्या दिवशी गंजगोलाईच्या बाजारात जाऊन त्यांनी चाकं आणली, लाकडी पाटांना ठोकली आणि अकराच्या अकरा नग त्यांवर बसवले. आता पेटीला पायानं ढकललं की ती खोलीभर पळायची. जातंसुद्धा. एक तास चाळीस. मग एक तास दहा. त्यांना स्वप्नं पडायला लागली, त्यात पोछा कसा फिरवला की दोन मिनिटं वाचतात ते दिसायचं.

सतराव्या दिवशी ते पोछा हातात घेऊन बायकोपुढं येऊन उभे राहिले. घामानं निथळत होते, आणि चेहरा मेरिट लिस्टमध्ये आलेल्या पोरासारखा.

"अठ्ठावन्न. मोबाइलवर बघ. आता बोल."

"हरले," गुरम्मा म्हणाली. तिनं पेपराची घडी घातली आणि उठली. तेव्हा कुठं त्यांना दिसलं, की ती बाहेरचं लुगडं नेसून, पर्स घेऊनच बसली होती. "घर तासात होतं, हे तुम्ही खरं करून दाखवलं. म्हंजे गाडीला वेळ हाय."

"आहेच की. उद्यापासून तू या पद्धतीनं..."

"मला अजून तीनच तास लागतेत. तुम्हाला अठ्ठावन्न मिनिटं. दोन हजार पोरांचं आखलेल्या माणसानं सांगावं, हे काम कुणाला द्यावं?"

हणमंतरावांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. उत्तर दोनदा तपासलं. पद्धत बरोबर होती, चूक कुठंच नव्हती. बाहेर धम्मप्रिया मॅडमनी हॉर्न दिला.

"मला," ते म्हणाले, आणि वादातला शेवटचा शब्द त्यांचा झाला.

त्याची किंमतही त्यांनीच मोजली, रोज अठ्ठावन्न मिनिटं. गुरम्मा एकटी गाडी वीस किलोमीटरवरच्या औशापर्यंत न्यायला लागली, तोवर त्यांनी ही किंमत त्रेपन्नावर आणली होती.