नारिंगी जाकिटं

"सही करा, मॅडम. ट्रक केव्हाचा उभा आहे," मिआओ म्हणाला.

यूथिंगने पेन उचललं नाही. परदेशी खरेदीदाराच्या वतीने ती माल तपासायला आली होती. कारखान्याचा मालक मिआओ याच्या आवारात नारिंगी जीवरक्षक जाकिटांची खोकी छपरापर्यंत रचलेली होती. संध्याकाळी निंगबो बंदरातून जहाज सुटणार होतं. या मालातलंच एक जाकीट तिने वजन बांधून काल चाचणीच्या टाकीत सोडलं होतं. आज ते तळाशी सापडलं.

"लोखंड बांधलंत तुम्ही. माणूस काय लोखंडाचा असतो?" मिआओ हसला. शिवणयंत्रांवरून उठून आलेल्या बायकाही हसल्या. "शहरातून येता, आमचा चहासुद्धा घेत नाही. निदान अक्कल तरी सोबत आणायची."

यूथिंगचे कान तापले.

"मग माणूस घालून बघू. तुम्हीच उतरा. हातपाय मात्र हलवायचे नाहीत."

हसणं थांबलं. जानेवारीचं पाणी होतं. मिआओने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग बूट काढले, वरच्याच खोक्यातलं एक जाकीट चढवलं, पट्टे आवळले आणि कपड्यांसकट टाकीत उतरला.

तो तरंगला. चांगला तरंगला.

"बदक झालंय बघा माझं," तो दात वाजवत म्हणाला. बायकांनी टाळ्या पिटल्या. यूथिंग जागची हलली नाही. एवढा माल अडवून आपलीच चूक निघाली, तर नोकरी गेलीच म्हणायची.

बराच वेळ काही झालं नाही. मग खांद्याखालचं पाणी मानेला लागलं. मिआओ अजून बोलत होता. हनुवटीला लागलं तेव्हा तो गप्प झाला. ओठांवर आलं, तरी त्याने कठडा धरला नाही. जाकीट अजूनही वर उचलेल, अशी वाट पाहत राहिला. पाणी नाकात गेलं तसा तो धडपडला. शिवणाऱ्या दोघींनी त्याला काखेत धरून बाहेर ओढलं.

यूथिंगने कागदावर 'नापास' लिहिलं. मिआओने तिकडे बघितलंही नाही. कुडकुडत त्याने फोन मागितला. आता हा माझ्या साहेबांना फोन लावणार, तिच्या मनात आलं. त्याची बोटं नंबरावर दोनदा चुकली.

"धाकट्या," तो म्हणाला, "बोट आहे तिथून मागे फिरव. जाळं सोडून दे. तुमच्या अंगात आपलीच जाकिटं आहेत."