जाच्छि, मा

रेडिओवरची ती बंगाली मालिका हिवाळाभर चालली आणि बंगालातच संसार थाटलेल्या सरलाबाईंनी तिचा एकही भाग चुकवला नाही. दर शुक्रवारी घरातून निघताना नायक आईला म्हणायचा, "आशि, मा." येतो गं आई. शेवटून दुसऱ्या भागात मात्र तो म्हणाला, "जाच्छि, मा." सरलाबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं.

"संपलं! हा काही आता परत येत नाही."

"नुसतं 'जातो' म्हणाला म्हणून?" त्यांचा मुलगा दिगू हसला.

"मग? लेखकानं हिवाळाभर त्याच्या तोंडी 'येतो' घातलं ते काय उगाच? आपल्यासारखंच आहे या बंगाल्यांचं. परत यायचं असेल तो 'जातो' म्हणत नाही. तुला नाही का लहानपणी धपाटे घालून 'येतो' म्हणायला शिकवलं?"

दिगूनं खिडकीतून समोरच्या घराकडे पाहिलं. "समोरचा तापस कॉलेज सोडून भूमिगत चळवळीत गेला, तो काय म्हणून गेला असेल गं?"

"त्या मेल्याचं नाव नको काढूस या घरात!"

पुढच्या शुक्रवारी शेवटचा भाग होता. सरलाबाई घाईघाईनं शेवटच्या पोळ्या लाटत होत्या, तोच बाहेरच्या खोलीतून दबका आवाज आला, "जाच्छि, मा."

"अगं बाई, सुरूसुद्धा झालं!" पिठाचे हात पदराला पुसत त्या धावत बाहेर आल्या.

रेडिओ बंद होता. दार उघडं होतं.