दुधातली भीती

डेअरीच्या यंत्रावर आजही तांबडा दिवा लागला. फॅट उत्तम होतं, पण त्याच्या शेजारी दिसणारा म्हशीच्या भीतीचा आकडा बासष्ट. असं दूध आता कुणी घेत नव्हतं.

"तुमचं यंत्रच बिघडलंय," पिराजी तडकला.

"यंत्र चांगलंय, दादा," डेअरीतल्या सुमनताई कॅन परत सरकवत म्हणाल्या. "धार काढायला बसण्याआधी काठी मारता ना?"

"मारल्याशिवाय उभीच राहत नाही ती!"

पण रोज दूध परत किती दिवस न्यायचं? पिराजीने काठी आढ्याला खोचली. गोठ्यात शिरण्याआधी तो लांबूनच हळू हाक मारू लागला, "मोरणे, आलो गं." म्हैस आधी बुजली, मग कान हलवू लागली. पंधराव्या दिवशी दिवा हिरवा झाला. दूधही दोन लिटरनं वाढलं.

खुशीत तो ताडताड घरात शिरला. चुलीपुढची बायको दचकून भिंतीकडे सरकली. तिचा हात आपोआप तोंडासमोर आला होता.

पिराजी थबकला. मागे फिरून उंबऱ्याबाहेर गेला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने तिला नावाने हाक मारली, अगदी हळू.

"द्वारके, आलो गं."