आलंय का?

"आलंय का रे, बाळू?" बाहेरच्या खोलीतून आईनं विचारलं, आणि बाळकृष्णाच्या हातातला बत्ता खलातच थांबला.

झालं! जो प्रश्न तो चुकवत होता, तोच नेमका समोर आला. हैदराबाद राज्याचे तुकडे करायचं ठरलं तेव्हापासून चिक्कडपल्लीतल्या मराठी कारकुनांच्या घरात दुसरं बोलणंच नव्हतं. तुमचं आलं का? कुणाला बदलीवर मुंबईचं बोलावणं, कुणाला पुण्याचं. बाळकृष्णाचं पुण्याचं येऊन आठवडा झाला होता. घरात ते ठाऊक नव्हतं फक्त आईला.

जन्मात कधी शेगडी न पेटवलेला हा गृहस्थ आठवडाभर, जेवणं उरकली की, आईसाठी स्वतः अद्रकाचा चहा करत होता. तो घोटभर पोटात गेल्याशिवाय तारामतीबाईंचा खोकला बसत नसे नि डोळा लागत नसे. "करा, करा," त्याची बायको इंदुमती म्हणाली होती, "मन खातंय ना, मग चहा तरी करा." पण तिनंही ते हळूच म्हटलं होतं. बेत दोघांचा होता.

बाळकृष्णानं ठेचलेलं अद्रक उकळत्या पाण्यात लोटलं, गुळाचा खडा टाकला आणि शेगडीकडे तोंड करूनच बोलायला लागला. पाठमोरं बोलणं सोपं.

"आलंय, आई. मागच्याच आठवड्यात आलंय. दसरा झाला की निघायचं."

मग त्याला राहवेना. तोंड सुटलं ते सुटलंच.

"पुण्यात एकच खोली मिळतीय गं. तीही तिसऱ्या मजल्यावर, नळ खाली. तुला तो जिना झेपायचा का? म्हणून शांताला विचारून ठेवलंय. ती हौसेनं ठेवून घेते म्हणाली. अंबरपेठ इथून काय लांब आहे? आणि जावई तरी कुठं परके..."

जावई हा शब्द तोंडातून गेला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. लेकीकडे जेवायची वेळ आलीच, तर आई घरून आपला डबा घेऊन जायची. तिला आता तो कायमची जावयाच्या दारात नेऊन बसवणार होता.

कपबशी घेऊन तो बाहेर आला. तारामतीबाई खाटेवर बसल्या होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता.

"अरे, मी अद्रकाचं विचारलं," त्या म्हणाल्या. "घरात आलं आहे का म्हणून."

"आलं?" तो बघतच राहिला. या घरात अद्रकाला आजवर कुणी आलं म्हटलं नव्हतं.

"शेजारच्या मालनबाईंची लेक पुण्यात दिलीय ना. ती सांगत होती, तिकडं अद्रक म्हटलं की बायका हसतात म्हणे. हौ म्हटलं तरी हसतात. म्हटलं, तिकडं गेल्यावर आपल्यापायी तुला चारचौघांत खाली बघायला नको. म्हणून जीभ वळवत होते जरा."

बाळकृष्णाला एकदम आठवलं. अलीकडे आई 'हौ'च्या जागी ओठ आवळून 'हो' म्हणायची. परवा जेवताना त्यावरून तो आणि इंदुमती पोट धरून हसले होते, आणि आईही त्यांच्याबरोबर हसली होती. धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं.

"आई, मी..."

त्यानं घाईनं कपबशी पुढं केली आणि चहा बशीत सांडला. तारामतीबाईंनीच कपबशी त्याच्या हातातून काढून घेतली, सांडलेला चहा बशीनंच प्यायल्या आणि मान हलवली.

"चांगला झालाय. उद्या मात्र थोडं जास्त ठेच."

"आलं?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"नक्को रे," त्या म्हणाल्या. "अद्रकच म्हण आता. अंबरपेठेत कुणी हसत नाही."