बायजाबाईंची गच्ची

"माही गच्ची मी देत नाही," बायजाबाई म्हणाल्या आणि संमतीचा कागद त्यांनी अपेक्षाच्या हातात परत कोंबला.

अपेक्षा नागपूरच्या एका संस्थेत कामाला होती. लोकांनी मिळून सौर वीज घ्यावी म्हणून ही संस्था गावोगाव खटपट करायची. कन्हानच्या या गल्लीत दहा घरं. नऊ टिनाची, एक स्लॅबचं. वादळात टिनंच उडतात, तिथं पॅनल कुठलं टिकायला? म्हणून सगळी पॅनलं बसणार होती बायजाबाईंच्या गच्चीवर आणि वायर जाणार होती दहाही घरांत. दर घराला दोन दिवे, एक पंखा. नऊ घरांच्या सह्या झाल्या होत्या. आज संध्याकाळपर्यंत दहावी झाली नाही, तर सामान दुसऱ्या गावाला जाणार होतं.

उन्हाळा काही सहीसाठी थांबणार नव्हता. समोरच्या घरात प्रीतीचं दोन महिन्यांचं बाळ होतं. दुपारी लाइन गेली की ती बिचारी त्याला ओल्या फडक्यानं पुसत बसायची.

"मावशी, निदान त्या बाळाकडं तरी पाहा," अपेक्षा म्हणाली.

"मले काय दिसत नाही? तिले म्हटलं मी, बाळाले घेऊन माह्या घरी येऊन बसत जाय. तिची सासू येऊ देत नाही, त्याले मी काय करू?"

सोबत आलेल्या देवरावांनी हात झटकले. गल्लीच्या वतीनं प्रत्येक सभेत पुढच्या खुर्चीवर बसायचं काम ते नेमानं करत. "जाऊ द्या मॅडम. हे बाई अशीच अडेल आहे. तीन मीटिंगा झाल्या, सगळे माणसं हो म्हणाले."

"माणसं हो म्हणाले!" बायजाबाई उसळल्या. "देवराव, तुम्ही माह्या गच्चीवर कधी चढले, सांगा बरं?"

देवरावांना एकाएकी चपलेचा अंगठा नीट करावासा वाटला. अपेक्षा मात्र तशीच जिना चढून वर गेली.

वर पाऊल ठेवायला जागा नव्हती. जुन्या साड्या आणि धोतरं अंथरून त्यांवर कुरड्या, मूगवड्या, सरगुंडे घातलेले. पाच-सहा बाया कडेकडेनं बसून हात चालवत होत्या आणि हातांपेक्षा तोंडं जास्त. संस्थेच्या इंजिनिअरनं मापं घेतली होती दिवाळीनंतर, गच्ची मोकळी असताना. तीन सभांत एकाही बाईला कुणी विचारलं नव्हतं. अपेक्षानंही नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली.

मागून बायजाबाई वर आल्या. "टिनावर कुठं वाळवण घालता येते? साऱ्या गल्लीचं इथंच असते. ह्या प्रेमिलाच्या कुरड्या, प्रीतीच्या सासूच्या. त्या कोपऱ्यात कामिनीच्या मिरच्या."

"आणि तुमचं कोणतं, मावशी?"

"माहं काही नाही. पोरगा अंकुश पुण्याले राह्यते. एकटीले कितीक लागते?"

अपेक्षाला वाटलं, सापडली अडचण. ती उत्साहानं म्हणाली, "मग वाळवणाची सोय आम्ही शाळेच्या पटांगणात करू. बाज टाकू, जाळी लावू. तुमच्यामागची कटकटच जाईल."

"हे मस्त झालं वं!" प्रेमिला म्हणाली. "जिना चढून चढून माहे गुडघे गेले."

बाया हसल्या. बायजाबाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "जाय पोरी तू आता," जिन्याकडे वळत त्या हळूच म्हणाल्या. "नाही म्हटलं ना मी."

झालं. अपेक्षाच्या पर्समधल्या पत्रकावर ठळक छापलं होतं, 'एकदा बसवा, निश्चिंत राहा.' पॅनलं पुसण्याचं काम सही झाल्यावर सांगायचं, असं साहेबांनी बजावलं होतं. पण काम हातचं गेलंच आहे, तर या बाईला फसवून तरी कशाला जायचं?

"मावशी, एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली," ती म्हणाली. "पॅनलवर धूळ बसते. आठ दिवसांनी ती पुसावी लागते, नाहीतर वीज कमी होते. त्यासाठी घरोघरच्या बायांना पाळीनं वर यावं लागलं असतं. तुमच्याच दारातून, तुमच्याच जिन्यानं. पाणीही तुमच्याच नळाचं. खूप त्रास झाला असता तुम्हाला."

बायजाबाई जिन्याच्या तोंडाशीच थांबल्या.

"एकेकटी येतीन का जोडीनं?"

"जोडीनंच. एकीला जमत नाही ते."

"फक्त उन्हाळ्यात?"

"नाही मावशी. बाराही महिने."

बायजाबाईंनी एकदा प्रेमिलाकडे पाहिलं, एकदा कामिनीकडे. मग पदरानं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि कागदासाठी हात पुढं केला.

"आण इकडं. पण एक सांगते. इथून रेतीचे ट्रक जाते, धूळ लई उडते. आठ दिवसांनं नाही भागत वं पोरी. चार दिवसांनी ठेव पाळी."